पाचशे मीटरच्या आत: एका बोअरवरून गावात झालेला वाद

गावाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. माणसांना गावात ज्या नात्याने हाक मारतात तीच इथे ठेवली आहे: नाना, आबा, गुरुजी, आक्का. ग्रामसभेसोबत पाण्याचा ताळेबंद मांडायचं काम करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिलं आहे. मी त्या काळात याच कामासाठी गावात जात-येत होतो. वादात कुणाचा वकील नव्हतो, पण मत नव्हतं असंही नाही.

## पार्श्वभूमी

गाव सोलापूर शहरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. उजनीचा कालवा इथपर्यंत येत नाही. उजनीचं नाव गावात निघतं ते धरण किती टक्के भरलं एवढ्यापुरतंच. जिल्ह्याचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा परतीचा. वरच्या अंगाला मुरमाड माळ आणि खाली नाल्याकाठी काळी जमीन. माळावर डाळिंब, काळ्या रानात ऊस, मधल्या पट्ट्यात ज्वारी आणि तूर. डाळिंबाला हलकी जमीन मानवते, म्हणून ज्याच्या वाट्याला बरड आली त्याने बाग लावली. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगावला आहे आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पण फळाला नाव असलं तरी मुळाला पाणी लागतंच.

जमिनीखाली बसॉल्टचा कातळ आहे. अखंड कातळात पाणी मुरत नाही आणि साठतही नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात, कातळाच्या भेगांत आणि मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्या असलेल्या, खडकाच्या थरात. हा मांजऱ्या थर एका शेतापुरता नसतो. तो बांध ओलांडून जातो, नाल्याखालून जातो, कधी मध्येच संपतो. त्यामुळे एका शेतात सहाशे फूट खोदून धूळ निघते आणि पन्नास पावलांवर अडीच इंची पाणी लागतं. पाणाड्याचा, म्हणजे नारळ धरून जमिनीखालचं पाणी दाखवणाऱ्याचा, धंदा चालतो तो या अनिश्चिततेवरच.

गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर नाल्याकाठी आहे. तिथून टाकीत आणि टाकीतून नळाला. जलजीवन मिशनमध्ये घरोघरी नवे नळ बसले, विहीर मात्र जुनीच राहिली. पावणेतीनशे उंबऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश घरांना जमीन नाही. त्यांचं पाण्याशी नातं या एका विहिरीपुरतं. हे शेवटपर्यंत लक्षात ठेवावं लागेल, कारण वाद चालू असताना ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

## प्रश्न कसा उभा राहिला

२०२३ चा पावसाळा सोलापूरला चांगलाच महागात पडला. ऑगस्ट कोरडा गेला. उजनी भरलं नाही आणि जानेवारी २०२४ मध्ये मृतसाठ्यात, म्हणजे वापरायच्या पातळीच्या खाली, गेलं. राज्य सरकारने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आपल्या जिल्ह्यातले बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा आणि माढा हे पाच तालुके होते.

नानांची साडेतीन एकर जमीन, त्यात दीड एकर डाळिंब, साडेचारशेच्या आसपास झाडं. बाग पाच वर्षांची, म्हणजे ऐन उत्पन्नात आलेली. सोसायटीचं कर्ज डोक्यावर. त्यांचा जुना बोअर जानेवारीत आटला. काही दिवस त्यांनी विकतच्या टँकरवर झाडं जगवली. मग पाणाड्या आणला. त्याने शेताच्या खालच्या कोपऱ्यात जागा दाखवली. नानांनी रिगच्या, म्हणजे बोअर खोदायच्या यंत्राच्या, गाडीला इसार दिला.

तो कोपरा गावाच्या विहिरीपासून मोजून ४३० मीटर भरला.

विहिरीचंही तोवर बरं चाललं नव्हतं. फेब्रुवारीत मोटर तासभरही चालेना आणि नळाला पाचव्या दिवशी पाणी येऊ लागलं. अशा वेळी विहिरीच्या वरच्या अंगाला नवा बोअर पडतोय हे कळल्यावर सरपंचबाईंच्या घरी माणसं जमली. रिगची गाडी यायच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीने नानांना लेखी कळवलं की परवानगीशिवाय बोअर घेऊ नये.

## कायदा काय म्हणतो

दोन्ही बाजूंना आपापल्या खिशात कायदा असल्यासारखं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तसा तो होताही.

नानांचं म्हणणं साधं होतं: सातबारा माझा, जमीन माझी, तिच्या खालचं पाणीही माझं. या समजुतीला आधार आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ७ खालच्या एका उदाहरणात म्हटलंय की ठरावीक प्रवाहात न वाहणारं जमिनीखालचं पाणी आपल्या हद्दीत गोळा करायचा आणि वापरायचा हक्क जमीनमालकाला आहे. इंग्लंडच्या न्यायालयाने १८४३ मध्ये एका खटल्यात हाच दंडक घालून दिला होता. तेव्हा जमिनीखाली पाणी कसं चालतं हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. सहाशे फूट खाली जाणारी रिगही नव्हती. पण दंडक राहिला.

ग्रामपंचायतीच्या हातात राज्याचा भूजल कायदा होता. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत, त्याच पाणलोटात, परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही ही तरतूद १९९३ च्या कायद्याने आणली. त्याच कायद्यात टंचाईग्रस्त क्षेत्र जाहीर झालं तर स्रोतापासून एक किलोमीटरपर्यंतच्या चालू विहिरींच्या उपशावरही निर्बंध घालायची सोय होती. पुढे २००९ चा भूजल कायदा आला, तो १ जून २०१४ पासून लागू झाला. अधिसूचित, म्हणजे भूजल जपण्यासाठी सरकारने जाहीर केलेल्या, क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल बोअर घ्यायला त्यात मनाई आहे. हे गाव अधिसूचित क्षेत्रात नव्हतं, त्यामुळे ती मनाई इथे थेट लागू नव्हती. पण ६० मीटर म्हणजे १९७ फूट, आणि गावातला एकही चालू बोअर त्याहून उथळ नाही.

न्यायालयांतही हा प्रश्न एका बाजूला झुकून संपलेला नाही. जगण्याच्या हक्कात पाण्याचा हक्क येतो असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच म्हटलं. केरळातल्या प्लाचीमाडा इथल्या शीतपेय कारखान्याच्या खटल्यात, भूजल ही सगळ्यांची ठेव आहे आणि सरकार तिचं विश्वस्त आहे असं उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २००३ मध्ये सांगितलं. २००५ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला. तेव्हा नाना अडाणीपणाने हट्टाला पेटले होते असं कुणी समजू नये.

## पहिली ग्रामसभा

मारुतीच्या देवळासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सभा झाली. सरपंचबाई खुर्चीवर आणि बोलत होते त्यांचे मालक, हे नेहमीचंच. आबांनी सुरुवात केली. आबा म्हणजे गावातले मोठे शेतकरी, एके काळचे सोसायटीचे चेअरमन. काळ्या रानात त्यांचा ऊस आणि तीन बोअर.

"गाव आधी, मग माणूस," आबा म्हणाले. "प्यायलाच पाणी न्हाई तर बागा घेऊन काय करायच्यात? हिवरे बाजारला बोअरबंदी केली म्हणून ते गाव वर आलं."

नाना खाली बसूनच बोलले. "गाव म्हंजे कोण, आबा? तुमचे तीन बोअर त्या गावात येत न्हाईत का? माझी झाडं मरायलीत अन् तुम्ही मीटर मोजायलाव."

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातलं सगळ्यात नेमकं वाक्य हे होतं, आणि सभेने ते उद्धटपणा म्हणून सोडून दिलं. आबांचा सगळ्यात जवळचा बोअर विहिरीपासून सातशे मीटरच्या आसपास, म्हणजे रेषेबाहेर. आणि तो जुना. नानांनी दुसरी गोष्ट सुचवली तीही तशीच वाहून गेली: "उद्या टंचाई लागली की तहसीलदारसाहेबांनी माझाच बोअर अधिग्रहित करावा. मी न्हाई म्हणणार न्हाई. पाणी निघू तर द्या." टंचाईत खासगी विहिरी आणि बोअर अधिग्रहित करून गावाला पाणी द्यायची पद्धत जिल्ह्यात दर उन्हाळ्यात वापरली जाते, त्यामुळे सूचना हवेतली नव्हती.

मग मागच्या बाजूने एक तरुण उठला. नाना ऐकत नसतील तर त्यांच्या शेतात कुणी कामाला जायचं नाही, गिरणीवाल्याने दळण घ्यायचं नाही, असा ठराव करू म्हणाला. दहा-बारा जणांनी माना डोलावल्या.

ग्रामसेवकाने इथे हस्तक्षेप केला, आणि मला वाटतं त्या दिवशी गाव वाचलं ते त्याच्यामुळे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ चा आहे, जुलै २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हा कायदा जात पंचायतींवरच्या चर्चेतून आलेला असल्याने गावकऱ्यांना तो आपल्याला लागू होईल असं वाटतच नव्हतं. "आपण काय जात पंचायत हाय का?" असं एकाने विचारलंही. ग्रामसेवकाने शांतपणे सांगितलं की ठराव लिहायला मी बसलोय, आणि असला ठराव मी लिहिणार नाही.

गावाला पाणी राखायचा हक्क आहे, एखाद्याचं दळण बंद करायचा नाही. पण सभेच्या भरात या दोन्हींतलं अंतर दोन वाक्यांत मिटलं होतं.

## जी गोष्ट वहीत आली नाही

ग्रामसभेच्या आधी महिला सभा झाली होती. तिथे आक्कांनी एक गोष्ट सांगितली होती. आक्का वस्तीत राहतात, जमीन नाही, रोजाने खुरपायला जातात. पहाटे विहिरीवर पहिला हंडा त्यांचा. शेतीच्या लाईनीला पाळीने एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री थ्री फेज वीज येते. आक्का म्हणाल्या, "रातची लाईट असली की सकाळी हिरीत पाणी न्हाई. दिसाची असली की असतंय."

बायका हसल्या. एक म्हणाली, लाईटीचा अन् हिरीचा काय संबंध? महिला सभेच्या इतिवृत्तात "पाणी प्रश्नावर चर्चा झाली" एवढीच ओळ आहे.

मला हे कळलं ते नंतर, गुरुजींकडून. गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांच्या पत्नीने घरी सांगितलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. रात्रीची वीज असली की बोअरच्या मोटारी ऑटो स्विचवर रात्रभर चालतात. सकाळी विहीर खाली गेलेली असते. दिवसा वीज असली की रात्रभर उपसा बंद राहतो, विहिरीला झरे भरायला वेळ मिळतो. आक्कांनी मोजपट्टीशिवाय जे पाहिलं होतं ते चाचणी घेऊन तपासण्यासारखं होतं.

## कोणते पर्याय समोर होते

पहिल्या सभेनंतरच्या आठवड्यात गुरुजींच्या ओसरीवर बसून जे मांडलं गेलं ते असं.

नानांनी रात्रीत बोअर घेऊन टाकावा हा एक पर्याय, आणि तो गुपित नव्हता. रिग रात्री येते, पहाटे जाते, सकाळी केसिंग पाईप बसलेला असतो. मग तक्रार, पंचनामा, तारखा. तोवर बाग जगलेली असते. त्यांचा थोरला मुलगा याच मताचा होता. पोरगं पुण्यात कंपनीत आहे, फोनवरून भांडत होतं.

दुसरा, ग्रामपंचायतीने थेट महसूल खात्याकडे तक्रार करून रिग जप्त करवायची. आबांचा कल इकडे.

तिसरा, नानांनी रीतसर परवानगी मागायची आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा भूवैज्ञानिक येऊन जो अभिप्राय देईल तो दोघांनी मानायचा. यात वेळ जाणार होता, आणि मार्चच्या उन्हात डाळिंबाला वेळ नसतो.

चौथा, शेततळं. हे कुणीतरी सुचवतंच. पण पावसाळा गेलेला, तळं भरायचं कशाने? आपल्याकडे कित्येक शेततळी बोअरचं पाणी उपसूनच भरतात, म्हणजे जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी वर आणून प्लास्टिकवर एकट्याचं करायचं आणि उन्हात उडू द्यायचं. दुष्काळ निवारणाच्या नावाखाली चालणारी ही गोष्ट मला नेहमीच उलटी वाटत आली आहे.

पाचवा गुरुजींचा: नव्या बोअरचा प्रश्न बाजूला ठेवा, आधी चालू बोअर विहिरीचं किती पाणी ओढतात ते मोजा. त्यांनी पुरंदरच्या नायगावचं उदाहरण दिलं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात वाटायचं आणि उसाला द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. भूमिहीनालाही त्यात वाटा.

हिवरे बाजारचा दाखला आबांनी दिला होता, नायगावचा गुरुजींनी. दोन्ही खरे. फरक असा की हिवरे बाजारातली बंदी सगळ्यांना सारखी लागू झाली. इथे ती एका माणसाची बाग वाळत असताना, त्याच्या एकट्यासमोर उभी केली जात होती.

## मोजणी

आबा मोजणीला तयार झाले ते गुरुजींच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या ठसक्यावरून. चावडीवर कुणीतरी आक्कांची गोष्ट काढली तेव्हा ते म्हणाले, "बंद ठेवून बघा माझे बोअर. काय फरक पडणार न्हाई." गुरुजींनी तो शब्द तिथेच पकडला.

पद्धत साधी होती. पोलादी टेप, तिच्या खालच्या टोकाला वजन, शेवटच्या वावभर लांबीला खडू चोळलेला. टेप विहिरीत सोडायची, काठावरच्या ठरलेल्या खुणेशी आकडा धरायचा, वर ओढायची. खडू जिथवर ओला तिथवर पाणी. शाळेतली दोन पोरं आणि आक्का पहाटे आणि संध्याकाळी मोजायच्या. आकडे देवळाच्या भिंतीवर चुन्याने लिहायचे, वहीत नाही. वही कुणाच्या तरी घरी जाते.

आधी तिन्ही बोअर बंद ठेवले, मग एकेक चालू केला. गावाची मोटर रोज तेवढाच वेळ चालवली.

माळाकडच्या दोन बोअरचा विहिरीवर काहीही परिणाम दिसला नाही. आबा म्हणत होते ते तेवढ्यापुरतं बरोबर होतं. तिसरा, नाल्याकाठचा, सातशे मीटरवरचा बोअर रात्रभर चालला की सकाळी विहीर दोन फुटांहून जास्त खाली. पुन्हा बंद केला की दोन दिवसांत पातळी परत. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा तेच.

कायद्याची रेषा विहिरीभोवतीचं वर्तुळ आहे. पाणी नाल्याच्या अंगाने थरातून चालत होतं. जो बोअर वर्तुळाबाहेर होता तोच विहीर उपसत होता.

भिंतीवरचे आकडे लोक येता-जाता वाचायचे. आबांनी चार दिवस देवळाचा रस्ता सोडला असं लोक सांगतात. ते खरं की खोटं ठाऊक नाही, पण नंतरच्या सभेत त्यांनी आकडे नाकारले नाहीत. त्यांच्या जागी दुसरा असता तर टेप चुकीची आहे म्हणाला असता.

दरम्यान नानांनी अर्ज केला होता. भूवैज्ञानिक आले, जागा पाहिली, विहीर पाहिली. नानांची जागा त्याच पाणलोटात आहे, त्याच मांजऱ्या थराला लागण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून अभिप्राय प्रतिकूल. भिंतीवरचे आकडेही त्यांनी पाहिले, फोटो काढला. पण अहवालात आबांच्या बोअरचा उल्लेख नाही, कारण त्यांना विचारलेला प्रश्न एकाच जागेचा होता.

## निर्णय

दुसरी ग्रामसभा एप्रिलच्या सुरुवातीला झाली. या वेळी वस्तीतली माणसं आली होती, बायका पुढे बसल्या होत्या. चर्चेला तीन तास लागले. ठरलं ते असं: नानांनी त्या जागेवर बोअर घ्यायचा नाही. आबांनी नाल्याकाठचा बोअर पाऊस पडेपर्यंत रात्री बंद ठेवायचा. दिवसा ठरलेल्या वेळेपुरता चालवायचा आणि त्यातलं पाणी पाईप टाकून नानांच्या बागेला झाडं जगण्यापुरतं द्यायचं. त्या बोअरवर उसाची नवी लागण किंवा खोडवा, म्हणजे तोडणीनंतर फुटणारा ऊस, ठेवायचा नाही. आणि पाऊस पडेपर्यंत विहिरीपासून एक किलोमीटरच्या आत कुणीच नवा बोअर घ्यायचा नाही.

सातशे मीटरवरचा चालू बोअर बंद ठेवायला लावण्याचा अधिकार ग्रामसभेला नव्हता. तो मार्ग जिल्हा प्रशासनाकडून जाणारा होता, आणि तो चोखाळावा असं गुरुजींचं मत होतं. सरपंचबाई इथे पहिल्यांदा स्वतः बोलल्या: "वरून आदेश आणला तर आबा कोर्टात जातील. हो म्हणायलेत तर हो घ्या." सभेने त्यांचं ऐकलं. हा निर्णय शहाणपणाचा होता असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं, पण त्याची किंमत पुढे आली.

## परिणाम

विहीर एप्रिलभर तगली. टँकर लागला तो मेच्या मध्यावर, नाल्याच्या वरच्या अंगाच्या शेजारच्या गावाला मात्र मार्चपासूनच लागला होता. सगळं श्रेय ठरावाला देता येणार नाही, कारण त्या गावाची विहीर मुळातच उथळ आहे.

नानांनी बहार धरलाच नाही, म्हणजे त्या हंगामात फळ घेतलं नाही. फांद्या छाटल्या, बुंध्याभोवती पाचट पसरलं, ठिबकने पाणी दिलं. तरी साधारण दीडशे झाडं गेली. आबांकडून पाणी आलं, पण पाईप टाकायला पंधरवडा गेला. लाईट दिवसाची आठ तास, त्यातली अधूनमधून जाणारी. मेच्या शेवटी आबांच्या गड्याने एक-दोनदा रात्री मोटर चालू ठेवली, ते भिंतीवरच्या आकड्यांत सकाळी दिसलं आणि आक्कांनीच जाऊन विचारलं. भांडण झालं नाही.

जूनपासून पाऊस चांगला झाला. ऑगस्टमध्ये उजनी भरलं. आबांनी त्याच बोअरवर अडसाली, म्हणजे साधारण दीड वर्ष रानात राहणारा, ऊस लावला. ठरावात "पाऊस पडेपर्यंत" असं लिहिलेलं असल्याने त्यांनी काहीही मोडलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात नानांनी चुलतभावाच्या रानात बोअर घेतला. विहिरीपासून ५४० मीटर. चारशे ऐंशी फुटांवर अडीच इंची पाणी लागलं. कुणी तक्रार केली नाही. करता येण्यासारखी नव्हतीच.

## वेगळं काय करता आलं असतं

महिला सभेतली आक्कांची गोष्ट तिथल्या तिथे लिहून घेतली असती तर पहिली ग्रामसभा वेगळी झाली असती. प्रश्न "नानांचा बोअर" या नावाने सभेत आला आणि पुढचे कित्येक दिवस त्याच नावाने राहिला. "विहिरीचं पाणी कोण ओढतंय" या नावाने तो फेब्रुवारीतच आला असता, तर मोजणी थंडीत झाली असती आणि आबांचा खोडवा राखायच्या आतच बोलणी झाली असती.

ठरावात भरपाईचं कलम नव्हतं. नानांनी एक कायदेशीर हक्क गावासाठी सोडला, निदान परवानगी मिळवण्यासाठी भांडायचा हक्क तरी. दीडशे झाडं गेल्याचा भार त्यांनी एकट्याने उचलला. पाणीपट्टीतून, वर्गणीतून, काहीतरी प्रतीकात्मक का होईना, द्यायला हवं होतं असं गुरुजी म्हणतात. मी त्याहून पुढे जाईन. गाव ज्याच्याकडून त्याग मागतं त्याला काहीच देत नसेल, तर पुढच्या वेळी रिग रात्रीच येईल, आणि त्या माणसाला दोष देणं अवघड जाईल.

मुदतीचंही तसंच. "पाऊस पडेपर्यंत" हे शब्द सगळ्यांना सोयीचे वाटले, कारण त्यामुळे सह्या झाल्या. त्याऐवजी विहिरीची पातळी बांधून घेता आली असती: काठापासून अमुक फुटांखाली पाणी गेलं की नाल्याकाठचे बोअर रात्री बंद, मग महिना कुठलाही असो. आकडे तर भिंतीवर रोज लिहिले जातच होते.

आणि जुन्या-नव्याचा प्रश्न तसाच आहे. कायद्याने नव्याला अडवलं, जुन्याला सोडलं. ज्याने आधी खोदलं त्याचा हक्क पक्का आणि ज्याची बाग उशिरा आली तो गावाचा शत्रू, ही विभागणी न्यायाची नाही, फक्त तारखेची आहे. भूमिहीनांचा हिशेब तर कुणाच्याच बाजूने मांडला गेला नाही. आक्का मोजणीला होत्या, वाटपात नव्हत्या.

सध्या ग्रामसभेसमोर एक साधा प्रस्ताव आहे. गावातल्या प्रत्येक बोअरची नोंद करायची: मालक, खोली, कुठल्या साली घेतला, किती तास चालतो. ग्रामपंचायतीने वही आणली आहे. गुरुजींचं म्हणणं, पहिली नोंद आबांनी करावी, त्यांचे बोअर सगळ्यात जुने. आबांचं म्हणणं, नानांनी करावी, त्यांचा सगळ्यात नवा.